दोन सीटांची हिरवी गाडी

मामाजी,

पाहुणे गेले. अंगणातला मंडप उतरला. अजून कुणी कुणी भेटायला येतं आणि विचारतं, "सासरे ना तुमचे?" मी हौ म्हणते. दुसरं काय सांगणार? कचेरीत तुम्ही हेडक्लार्क असताना कोण साहेब होते, निवृत्तीच्या दिवशी कुणी काय भाषण केलं, हे तेच मला सांगतात आणि मी ऐकून घेते. त्यातलं मला फारसं ठाऊक नाही. मी सून होऊन आले तेव्हा तुमची नोकरी संपतच आली होती. माझी-तुमची खरी ओळख झाली ती गाडीत, आणि गाडीचं कुणी विचारत नाही.

म्हणून तुमच्याशीच बोलते.

मनोहर ती गाडी घेऊन आले तो दिवस तुम्हाला माझ्याइतकाच आठवत असणार. ते असताना मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, आता लिहिते. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते भरवेलीला खाणीच्या ऑफिसात होते. तिथला एक गोरा इंजिनिअर कायमचा विलायतेला परत चालला होता आणि त्याची जुनी गाडी कुणी घेत नव्हतं. घेणार तरी कोण? दोनच सीटा, वर कापडाचं छप्पर, दारांना काचा नाहीत, नाक हे लांब, आणि चाकं सायकलीसारखी तारांची. रंग हिरवा, तोही जागोजाग उडालेला. बालाघाटात तेव्हा मोटारी होत्या त्या डॉक्टरांच्या नाहीतर ठेकेदारांच्या, उंच आणि काळ्या. ही पोट जमिनीला लावून चालायची.

मनोहर गल्लीत शिरले ते थांबलेच नाहीत. घरासमोरून पुढे गेले, मारुतीच्या देवळाला वळसा घालून परत आले, पुन्हा पुढे गेले. प्रत्येक फेरीला ओरडत होते की फाटक उघडा, थांबलो तर ही बंद पडते. मागे गल्लीतली सगळी पोरं. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होता. पेपर खाली केलात आणि नुसते पाहत राहिलात. शेवटी सासूबाई पिठाच्या हातांनीच धावल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. गाडी आत आली आणि तुळशीपाशी येऊन खरंच बंद पडली.

तुम्ही उठलात, गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि एवढंच म्हणालात, "दोनच सीटा? मायबापाले कुठी बसवशीन?"

मनोहर हसले. म्हणाले, पाळीपाळीनं बसा. तुम्हाला ते उत्तर पटलं नाही. घरकर्त्या माणसानं घर मावेल असं वाहन घ्यावं, हे तुमचं म्हणणं. त्यांचं म्हणणं, घर मावणारं वाहन म्हणजे बैलगाडी, ती माझ्या माहेरी लांजीला आहेच. जेवताना रोज थोडं थोडं हे चालायचं. मी वाढायला उभी असायचे. तुम्ही त्या गाडीत बसला नाहीत. तुमची सायकल काढायचात आणि गाडीकडे न बघता फाटकाबाहेर पडायचात.

आम्ही मात्र बसलो. सहा-सात महिने बसलो. तुम्हाला हे सारं मागाहून तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं मी, पण ते दिवस कसे होते हे सासऱ्याला सांगता येत नाही. वैनगंगेच्या काठानं जाताना पदर दातात धरावा लागायचा. पायाखालची फळी इतकी तापायची की मी चपला काढून पाय सीटवर घ्यायचे. दार कधी कधी वळणावर आपोआप उघडायचं, म्हणून मनोहर एका हातानं मला धरून ठेवायचे आणि भर रस्त्यात त्यांना ते चालायचं, कारण दार नादुरुस्त होतं. ते दार त्यांनी शेवटपर्यंत दुरुस्त केलं नाही.

गाडीचे लाड तर पुष्कळ. पेट्रोल किती आहे ते सांगणारा काटा मेलेला, म्हणून टाकीत बांबूची कांबट बुडवून बघायची. सकाळी चोक पुरा ओढायचा, दुपारी अजिबात नाही. आणि किल्ली फिरवली की आधी पेट्रोलच्या पंपाची टिकटिक ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर समोरचं झाकण उघडून पंपाला हलकेच ठोका द्यायचा. त्यासाठी मनोहरांनी सासूबाईंच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता पळवला होता. ठोका द्यायचं काम माझं. जोरात नाही, नारळ पक्का आहे का बघतो तसं. मला ते जमायचं, त्यांना जमायचं नाही.

मग ते आश्विनातलं आभाळ. भरवेलीहून निघाले तेव्हाच त्यांच्या अंगात कणकण होती. वाटेत पाऊस लागला. गाडीचं छप्पर फाटलेलं. घरी आले तेव्हा ओलेचिंब, दात वाजत होते. सासूबाईंनी त्यांचं डोकं पुसलं आणि पुसता पुसता गाडीला शिव्या दिल्या. पुढे काय झालं ते मी लिहीत नाही, तुम्ही तिथंच होता. डॉक्टर म्हणाले होते की मलेरिया आधीच रक्तात होता, डोक्यात गेला, भिजण्याशी त्याचा संबंध नाही. तुम्ही-मी ते ऐकलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या लेखी गाडीनं त्यांचा मुलगा भिजवला आणि नेला.

गाडी घरामागच्या टिनाच्या शेडखाली गेली, वर ताडपत्री आली. आपण तिघं एका घरात राहिलो आणि कुणी कुणाशी बोललं नाही. म्हणजे मीठ दे, पाणी दे, एवढं बोलायचो. मनोहरांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मी तर घेत नव्हतेच. सासूबाई देवासमोर घ्यायच्या, हळू आवाजात.

वर्ष उलटलं असेल. गोंदियाहून एक माणूस गाडी बघायला आला. तुम्हीच बोलावलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. त्यानं ताडपत्री काढली, नवी बॅटरी जोडली, पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. त्यानं हँडल मारून पाहिलं, घामाघूम झाला. म्हणाला, "बाबूजी, ये तो भंगार में जाएगी." तुम्ही मान डोलावलीत. तुमची पाठ माझ्याकडे होती, आणि ती पाठ मला एकदम म्हातारी दिसली.

परक्या माणसासमोर मी वर्षभरात बाहेर आले नव्हते. त्या दिवशी आले. म्हटलं, "मामाजी, पंप वाजून नाही राह्यला." तुम्ही वळून पाहिलंत. मी बत्ता घेतला, तो गाडीतच होता, झाकण उघडलं आणि ठोका दिला. टिकटिक सुरू झाली. मग किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि लागली.

ते इंजिन त्या टिनाखाली असं घुमलं की वरून चिमण्या उडाल्या. रोज संध्याकाळी भरवेलीहून येताना गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा तोच आवाज. आत सासूबाईंच्या हातातून काहीतरी पडलं. तुम्ही पत्र्याच्या खांबाला हात टेकून उभे राहिलात आणि डोळे मिटून घेतलेत. तो माणूस खूश होऊन म्हणाला की इंजिन तर बढिया आहे, आजच नेतो.

तुम्ही त्याला चहा पाजलात आणि सांगितलंत की गाडी विकायची नाही.

तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "हिचं अजून काय काय येते तुले?"

मी सांगत गेले. चोक, कांबट, दार, फळी. तुम्ही कचेरीत एखाद्याची हकिकत ऐकावी तसे लक्ष देऊन ऐकत होता. मध्येच म्हणालात, दुपारी चोक नाही ओढायचा, हे कसं समजलं त्याले? मी म्हटलं, एकदा ओढला होता, मग राजेगावापाशी ढकलत आणली. आणि तुम्ही हसलात. 'त्याले' म्हणालात आणि हसलात. त्या दिवसापासून आपण गाडीचं बोलायला लागलो.

साठीच्या उंबरठ्यावर तुम्ही मोटार शिकलात, मामाजी. जन्मभर कागद आणि टाक धरलेला माणूस. कचेरीशेजारच्या खात्यातून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर तुम्हाला मैदानावर घेऊन जायचे, आणि तुमच्या गिअरचा किर्रर्र आवाज पार आपल्या ओसरीपर्यंत यायचा. काळी टोपी उडायची म्हणून तुम्ही तीवरून मफलर बांधायचात, उन्हाळ्यातसुद्धा. मग एका सकाळी मला म्हणालात, चल, पंपाचा आवाज ऐकायला कुणीतरी पाहिजे, मले ऐकू येत नाही नीट. तुमचे कान चांगले ठणठणीत होते.

विधवा सून, सासऱ्याच्या शेजारी, उघड्या गाडीत. गल्लीनं काय काय म्हटलं ते आपल्या दोघांनाही कळत होतं. सासूबाई तर आत निघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. तुम्ही त्यांना समजवायला गेला नाहीत, मला मागे फिर असंही म्हणाला नाहीत. फाटकातून बाहेर पडताना गाडी भिंतीला घासली. मी सांगितलं, क्लच पूर्ण दाबा. तुम्ही म्हणालात, हौ.

त्या गाडीनंच मला शाळेत नेलं. आधी मॅट्रिक, मग मास्तरणीचं ट्रेनिंग, असं तुम्ही ठरवलंत, मला न विचारताच. मी लांजीची, सातवी झालेली, पुढे शिकायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तुम्ही म्हणालात, गाडी चालवायचा सराव पाह्यजे, रोज कुठीतरी जावं लागते, मग तुले शाळेतच सोडतो. असं कारण काढलंत तुम्ही. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग झालं, मुलींच्या शाळेत लागले, तरी तुमचा सराव चालूच होता. गाडी फाटकापाशी बंद पडली की पाचवी-सहावीच्या मुली येऊन ढकलायच्या. "बहनजी की गाड़ी" म्हणायच्या. तुम्हाला त्याचा फार अभिमान. तुम्ही स्टिअरिंगवर बसून मुलींना सूचना द्यायचात, आणि गाडी लागली की हात हलवत निघून जायचात.

आपलं भांडण झालं ते राजेगावच्या रस्त्यावर. आठवतं? थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं. बाघ नदीच्या अलीकडे तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मला वाटलं, तापली. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि पुढे बघत बोलायला लागलात. गोंदियाचे एक मास्तर आहेत, पत्नी वारली, मूलबाळ नाही, माणूस भला आहे. तुम्ही जाऊन बघून आला होता. मला आधी कळेचना की हे मला का सांगताय. कळलं तेव्हा मी दार उघडून उतरले आणि चालायला लागले.

तुम्ही मागून आलात. गाडी नाही, चालत. धापा टाकत. आणि तिथं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुम्ही त्यांचं नाव घेतलंत.

"मनोहरची गाडी म्हून मी ठेवली. खोटं नाही बोलत. पण मनोहरची बायको म्हून तुले ठेवलं, असं नको व्हायले पोरी."

मी म्हटलं, "मले कोणी नाही ठेवलं. मी राह्यली."

तुम्ही विचारलंत, "काहून?"

मी गाडीकडे वळले. परत येताना गाडी मी चालवली, कारण तुमचे डोळे भरून येत होते आणि रस्त्यात बैलगाड्या होत्या. मोकळ्या रस्त्यावर तुम्ही मला शिकवलं होतंच, पण गावात मी कधी चालवली नव्हती. त्या दिवशी चौकातून आणली. लोक थांबून बघत होते. तुम्ही शेजारी बसून मोठ्यांदा नाक शिंकरत होता आणि मधूनच म्हणत होता, डावीकडं घे, डावीकडं.

ते 'काहून' तुम्ही सोडलं नाहीत. वर्षाकाठी एकदा तरी, आडून आडून. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की, कधी माझ्या डोक्यातला एखादा पांढरा केस दिसला की. मी दर वेळी काहीतरी दुसरं काढायचे. तुम्हाला वाटायचं, मी तुमच्या मुलाच्या आठवणीवर जगते आहे, आणि तुम्हाला त्याचं बरंही वाटायचं आणि वाईटही. ते तुमच्या चेहऱ्यावर दिसायचं.

खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, मामाजी. मनोहरांचा आवाज मी विसरत चालले होते. त्यांचा चेहरा फोटोतला आठवायचा, बोलतानाचा नाही. मी राहिले ते सकाळसाठी. तुम्ही आधी जाऊन गाडी पुसून ठेवायचात, मी डबा घेऊन यायचे, आपण शाळेपर्यंत भांडत जायचो. नव्या टायरवरून, मुलींना मार द्यावा की नाही त्यावरून, मुख्य म्हणजे हिंदी शाळेत शिकवून माझं मराठी बिघडतंय त्यावरून. मला ते आयुष्य आवडत होतं. कुणाची आठवण म्हणून नाही, माझं म्हणून. पण हे बापाला कसं सांगायचं, की तुमच्या मुलाचा आवाज मला आता आठवत नाही, तुमचा मात्र जिन्यावरचा पाय वाजला तरी कळतो? मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असंही मला वाटत नाही. फक्त तुम्ही ते ऐकायला आता नाही, याचं काय करावं ते कळत नाही.

मोतीबिंदू झाल्यावर तुम्ही स्वतःच किल्ली माझ्या हातात दिलीत. मग तुम्ही डावीकडच्या सीटवर बसायला लागलात. ती सीट तुम्हाला कधी मानवली नाही. प्रत्येक वळणावर पाय ब्रेक शोधायचा. या पौषात तुम्ही म्हणालात, लांजीला जाऊ, तुह्या मायले भेटू. खोकला होता तुम्हाला, मी नको म्हणत होते. तुम्ही हट्ट धरलात. जाताना खूप बोललात. येताना किरणापूरच्या पुढे तुमचं बोलणं थांबलं. मी बघितलं तर झोप लागली होती, मान माझ्याकडे कललेली. रस्ता खराब होता. मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. खड्डा आला की तुमच्या खांद्याला हातानं आधार द्यायचे. तुम्ही शेवटचे माझ्याबरोबर गाडीत बसलात ते तेव्हा, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी तुम्हाला उठवलं नसतं.

पुढचं जे झालं, ते घर माणसांनी भरलेलं असताना. डॉक्टर, औषध, ऑक्सिजनची नळी. बोलायला माणसं खूप होती, त्यामुळे आपलं बोलणं झालंच नाही. मी उशाशी आले की तुम्ही माझ्याकडे बघायचात, मग खिडकीकडे. खिडकीतून टिन दिसतो. मी म्हणायचे, आज लागली, व्यवस्थित लागली. तुम्ही मान हलवायचात.

तेराव्याच्या दिवशीचं तुम्हाला सांगायचं आहे. पंगती उठल्या होत्या. नागपूरचे तुमचे पुतणे टिनाखाली जाऊन गाडी बघून आले आणि ओसरीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाले, गाडी मी घेऊन जातो, तिथं जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत. इथं सडून जाईल. वाईट हेतू नव्हता त्यांचा. बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. मी आत भांडी आवरत होते. माझा हात थांबला. कुणाच्या नावावर आहे, कुणाचा हक्क आहे, हे बोलायचा तो दिवस नव्हता.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी शब्दही बोलल्या नव्हत्या. मोकळं कपाळ घेऊन नुसत्या बसून होत्या. त्या गाडीकडे त्यांनी इतकी वर्षं मान वर करून पाहिलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून पुतण्यांनी त्यांनाच विचारलं, "काकू, नेऊ ना? आता चालवणारं कोण हाय घरात?"

सासूबाईंनी माझ्या नावानं हाक मारली. मी ओल्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिले.

"हे हाय ना," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी शाळा उघडते ना तुही? मले वाटंत देवळापाशी सोडून देजो."